काडेपेटीतला बल्ब

एक गोष्ट आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. सूर्यग्रहणात मी पोटभर जेवले आहे, अमावस्येला बिऱ्हाड हलवलं आहे, आणि एकोणतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवताना जिच्या दंडावर ताईत दिसला तिला "हा कशासाठी बांधलास?" असं भर वर्गात विचारलं आहे. (आज वाटतं, भर वर्गात विचारायला नको होतं. पण ते असो.)

चिन्मय, तू ज्या फोरमवर लोकांचे असले अनुभव वाचतोस आणि मला लिंक पाठवून "आजी, तुझ्याकडे आहे का एखादा?" म्हणून चिडवतोस — तिथे हे खुशाल टाक. तुम्हा दोघांखेरीज माणसांची नावं मी घातलेली नाहीत. गावांची खरी आहेत. आणि खाली प्रतिक्रिया देणाऱ्यांना माझ्यातर्फे आधीच सांग, की सूर्यप्रकाशाचं रिफ्लेक्शन, गर्भारपणातली चक्कर, अपराधी मनाचे खेळ... हे सगळं मी स्वतः तपासून झालं आहे. मला शहाणपण शिकवू नये.

आता हे लिहायला का बसले ते.

गेल्या आठवड्यात तू आपल्या ग्रुपवर गाडीचा फोटो टाकलास. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा, आणि त्यावर आडवी काळी चिकटपट्टी. खाली लिहिलंस — "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!" अनुजाने मेलबर्नहून पाच हसणारे चेहरे पाठवले. मी काहीच पाठवलं नाही. तुम्हा दोघांना वाटलं, आजीला फोटो उघडता आला नसेल. आला. मोठा करूनही पाहिला.

मग मी फोन केला तेव्हा तू सांगितलंस, की गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, 'पी ०४२०' असा कोड निघाला, दुरुस्तीला बाराशे डॉलर मागितले, आणि बाराशे डॉलरपेक्षा चिकटपट्टी स्वस्त. मी विचारलं, "पण बिघडलंय काय?" तू म्हणालास, "आजी, कोडवरून फक्त कुठे बघायचं ते कळतं. काय बिघडलंय ते नाही कळत."

हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. मला ते साठ वर्षं आधी हवं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. मी नागपूरची, बी.ए. झालेली, लग्न होऊन धामणगाव बढे या गावी आले. तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. घरात चार माणसं — तुमचे आजोबा, त्यांचे मोठे भाऊ, माझ्या जाऊबाई, आणि मी. सासू-सासरे आधीच गेलेले. शेती मोठी, कापसाचा व्यवहार खामगावच्या बाजाराशी.

नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. भासऱ्यांशी धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. ते समोर आले तर पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, आणि त्यांनी ते ऐकायचं. म्हणजे मी त्यांच्यापासून तीन हातांवर उभी राहून जाऊबाईंना म्हणायचं, "सांगा, जेवण वाढलंय," आणि ते जाऊबाईंनाच म्हणायचे, "सांग, येतो म्हना." हे तुम्हाला विनोदी वाटेल. मला पहिल्या महिन्यात वाटलं. नंतर नाही वाटलं.

भासरे मला आवडत नव्हते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी खरं लिहिते आहे. आडदांड माणूस, आवाज मोठा, आणि जे आपल्याला येत नाही त्याची टिंगल करायची सवय. मला ते कधी नावाने संबोधत नसत. "तुही नागपूरवाली," असं भावाला म्हणत, मी दाराआड उभी आहे हे पक्कं ठाऊक असताना.

गाडी त्यांनीच आणली. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून — सेकंडहँड, विलायती बनावटीची, बदामी रंगाची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आसपासच्या सात-आठ गावांत दुसरी गाडी नव्हती. दोघेही भाऊ ती चालवायला शिकले. सोबत इंग्रजीतलं एक लहान पुस्तक आलं होतं, गाडी कशी सांभाळावी त्याचं. भासऱ्यांनी ते ओट्यावर फेकलं. तुमच्या आजोबांनी उचलून मला आणून दिलं.

मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्या घरात माझ्या शिक्षणाचा झालेला तो पहिला उपयोग. डॅशबोर्डवर दोन लहान दिवे होते. लाल दिवा डायनॅमोचा, नारिंगी दिवा ऑईलचा. किल्ली फिरवली की दोन्ही लागायचे, आणि इंजिन सुरू झालं की विझायचे. पुस्तकात चौकटीत छापलं होतं, की इंजिन चालू असताना नारिंगी दिवा लागला तर गाडी ताबडतोब थांबवावी. मी ते वाक्य मराठीत एका कागदावर सुवाच्य लिहून दिलं. आजोबांनी तो कागद गाडीत ठेवला. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी त्यात सुपारी बांधून घेतली.

"बायको पुस्तक वाचते आन नवरा गाडी हाकलते," ते ओट्यावरून म्हणाले. "काऊन बे, उद्या बैलं जुंपाले बी पुस्तक आनतं काय?"

आजोबा हसले. ते नेहमी हसायचे. त्यांच्या हसण्याचा मला त्या वर्षी फार राग यायचा.

दिवाळीनंतर तो नारिंगी दिवा लागायला लागला. पहिल्यांदा मोताळ्याच्या वाटेवर, आजोबा चालवत असताना. त्यांनी थांबवून बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली — तेल पूर्ण. पुन्हा सुरू केली, दिवा नाही. चार दिवसांनी पुन्हा. मग भासरे चालवताना. मी वही केली. तारीख, जागा, कोण चालवत होतं, किती वेळ लागला. मला वाटलं, नीट मांडलं की नियम सापडेल. नियम सापडला नाही. कधी चढावर, कधी सपाटीला, कधी गाडी तापलेली, कधी सकाळची थंड.

खामगावच्या मिस्त्रीने आधी ऑईलचा स्विच बदलला. अठरा रुपये. मग वायर बदलली, मजुरीसकट अकरा. तरी दिवा लागायचाच. तिसऱ्यांदा तो स्वतः गावी आला, दोन दिवस मुक्काम करून त्याने इंजिनाखालचा ऑईलपंप उघडला. नव्वदच्या वर गेले. तेव्हा प्राथमिक शिक्षकाचा महिन्याचा पगार यापेक्षा फार नव्हता, यावरून अंदाज करा. पंपात काहीही नव्हतं.

त्या दुसऱ्या दिवसाची दुपार मला लख्ख आठवते. अंगणात गोणपाटावर सुटे भाग मांडलेले. मिस्त्री हात पुसत उभा. भासरे खाटेवर. आजोबा बाजूला. मी आणि जाऊबाई दाराच्या आत.

"मालक," मिस्त्री म्हणाला, "पंप सोन्यासारखा हाय. अंजिनाले काही नाई. रोग दिव्यालेच हाय."

"मंग दिव्याले काय करतं?"

"काहाडून टाकू. गाडी मानसासारखीच असते मालक. रोज डाक्टरले दाखवसान तं रोज रोग निघन. दिवा नाई, तं तक्रार नाई."

भासरे मांडीवर थाप मारून हसले. "हे आधी काऊन नाई सांगतलं बे? शंभर-सव्वाशे रुपये वाचले असते ना माहे!"

मिस्त्रीने डॅशबोर्डच्या मागे हात घातला, आणि बोराएवढा बल्ब काढून तळहातावर ठेवला.

आणि मी बाहेर आले.

मी पदर घेतला होता, तेवढं आठवतं. ओट्याच्या कडेला उभी राहिले आणि थेट त्यांच्याकडे बघून बोलले. जाऊबाईंच्या मार्फत नाही, आजोबांच्या मार्फत नाही. "दिवा लागला तर गाडी थांबवा असं पुस्तकात आहे. दिवा काढा असं कुठे लिहिलेलं नाही."

मिस्त्री खाली बघायला लागला. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आजोबांना म्हणाले, अगदी सावकाश:

"तुह्या बायकोचा बी दिवा काहाडा लागते बाबू. लई लागून राह्यला."

मग त्यांनी खिशातली काडेपेटी रिकामी केली, बल्ब तिच्यात ठेवला, आणि आजोबांच्या हातात दिली. "घे. देजो तिले. म्हना, ठेव पुस्तकात."

आत गेल्यावर जाऊबाई मला म्हणाल्या, "काय व माय, भासऱ्यासंग तोंड उघडून बोलली तू! माह्या जन्मात नाई पाह्यलं असं." त्यांच्या आवाजात राग होता, की दुसरं काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काडेपेटी मी माझ्या ट्रंकेत ठेवली. ट्रंकेला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला. हे लक्षात ठेवा.

चैत्रात मला पत्र आलं. बुलडाण्याच्या मुलींच्या एका शाळेत इंग्रजीची जागा होती. मी कुणाला न सांगता अर्ज केला होता. मुलाखतीला बोलावलं होतं, मे महिन्यात, सकाळी अकरा वाजता. ते पत्र म्हणजे माझ्यासाठी काय होतं, हे तुम्हाला कसं सांगू? तुम्हाला दर दोन वर्षांनी नवी नोकरी मिळते. मला वाटत होतं, की हे दार बंद झालं तर दुसरं नाही. मी त्याच अंगणात म्हातारी होईन, दाराच्या आत उभी राहून.

घरात गदारोळ झाला. भासरे आठ दिवस जेवताना एकच वाक्य बोलायचे — "आमच्या घरची बाई मास्तरकी करन?" आजोबा सगळं ऐकून घ्यायचे. शेवटी ते मला म्हणाले:

"मी तुले नेतो बुलडाण्याले. दादाले मी पाहून घेतो. पन एक अट हाय. त्या दिव्याचं नाव पुन्हा काहाडायचं नाई. घरात त्याच्यापायीच सारं बिनसलं. कबूल?"

मी म्हटलं, कबूल.

मुलाखतीच्या सकाळी आठ वाजता मी निघाले. निळी सुती साडी, हातात सर्टिफिकेटांची फाईल. जाऊबाई ओट्यावर सुपात गहू पाखडत होत्या, वर पाहिलं नाही त्यांनी. आजोबांनी गाडी सुरू करून अंगणात उभी केली होती. मी पुढच्या सीटवर बसले, दार ओढलं.

आणि नारिंगी दिवा लागलेला होता.

मी जे पाहिलं ते क्रमाने लिहिते. ऊन माझ्या पाठीमागून होतं. मी पदर डॅशबोर्डवर धरला, सावली केली. दिवा सावलीत जास्त स्पष्ट दिसला. मी काचेवर बोट ठेवलं. काच ऊनऊन होती आणि माझ्या बोटाची कड नारिंगी झाली. लुकलुकत नव्हता. स्थिर होता. खोबणीत बल्ब नव्हता, हे मला माहीत होतं — मी माझ्या डोळ्यांनी तो निघताना पाहिला होता.

आजोबांचं लक्ष नव्हतं. ते मागे वळून फाटकाकडे बघत होते. मी म्हटलं, "एक मिनिट, एक कागद राहिला," आणि उतरून आत गेले. ट्रंकेचं कुलूप उघडलं. काडेपेटी होती. काडेपेटीत बल्ब होता. थंड, स्वच्छ, आतली तार शाबूत. मी तो बोटांत धरला. बंद केली पेटी. कुलूप लावलं. परत आले.

दिवा लागलेलाच होता.

मी खिडकीशी उभी राहून आजोबांना म्हटलं, "मी येत नाही. तुम्हीही जाऊ नका."

"काऊन?"

मी कबूल केलं होतं ना. आणि खरं सांगू? कबूल केलं होतं म्हणून नव्हे; मला हसतील म्हणून मी बोलले नाही. चार महिने त्या दिव्यावरून मला हसले होते. मी म्हटलं, "उतरा ना. माझी शपथ आहे."

शपथ या शब्दाचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं, कारण मी तो कधी वापरत नसे. ते उतरले. पण चिडून. "भावासंग आठ दिवस भांडलो तुह्यासाठी," म्हणाले, "आन आता म्हन्तं येत नाई!" दार आपटून ते गोठ्याकडे निघून गेले. इंजिन तसंच चालू.

आवाज ऐकून भासरे बाहेर आले. धोतर, पांढरा सदरा, हातात तांब्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या निळ्या साडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"विचार तिले," ते जाऊबाईंना म्हणाले, "उतरली काऊन?"

जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं. "काय व, विचारून राह्यले इकडून. उतरली काऊन म्हन्तात."

चिन्मय, अनुजा, हे नीट वाचा. मला विचारलं होतं. रीतसर, रिवाजाप्रमाणे, तिसऱ्या माणसामार्फत प्रश्न आला होता, आणि त्याच वाटेने उत्तर पाठवता आलं असतं. सात शब्द लागले असते. रिवाज मोडून बोलायचं म्हटलं तरी मला जमलं असतं. एकदा मी ते करून दाखवलं होतं.

मी जाऊबाईंना म्हटलं, "सांगा, माझं मन नाही."

"मन नाई!" भासरे मोठ्याने हसले. "आठ रोज घर डोक्यावर घेतलं, आन आता मन नाई. भेली व ते! चार इंग्रजी बुकं वाचली म्हनून कोनी मास्तरीन होत नाई. सांग तिले, तिनं नोको येऊ. मीच जातो बुलडाण्याले. त्या शाळेत सांगून येतो, का आमच्या घरची बाई येत नाई, पुन्हा कागद धाडू नोका म्हना."

"कशाले जाता तुमी?" जाऊबाई म्हणाल्या. "नाई गेली ना ते. सोडा."

"नाई. एकदा तोडून टाकतो. नाईतर पुढच्या सालीही हेच."

ते गाडीत बसले. ते बसले की पोट स्टिअरिंगला टेकायचं. डॅशबोर्डकडे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. गाडीला काय होतं ते आपल्याला कानानेच कळतं असं म्हणायचे. मी खिडकीपासून दोन हातांवर उभी होते. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर, मनगटाच्या वर, नाण्याएवढा नारिंगी ठिपका पडला होता. मी तो पाहिला. त्यांनी नाही पाहिला.

माझं तोंड उघडलं होतं, असं मला आठवतं. मग मी ते मिटलं.

गाडी फाटकातून बाहेर गेली.

राजूरच्या घाटात, चढावर, तिसऱ्या की चौथ्या वळणाला ती खाली गेली. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने पाहिलं. तो म्हणाला, गाडी जोरात नव्हती, घसरली नाही, ब्रेकही लागले नाहीत. वळायची तिथे वळलीच नाही, नुसती सरळ गेली. भासरे जागच्या जागी गेले. तोवर अकरा वाजायचे होते.

आजोबांना कळलं तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी असतो आत." एवढंच. "मी असतो, आन तू." त्या वाक्यानंतर त्यांनी जन्मभर मला कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलं नाही, आणि मला ते कधीही गोड लागलं नाही. का उतरायला लावलंस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मळमळत होतं. तुमच्या आईच्या वेळचे दिवस होते मला, पटण्यासारखं होतं. (म्हणूनच वर चक्कर लिहिली. पण चक्कर येऊन नाण्याएवढा ठिपका दिसत नाही.)

महिन्याभराने मिस्त्री आला. गाडीचा सांगाडा त्याच्याकडे नेला होता. तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला, चहा घेतला नाही. "तेल भरून होतं," म्हणाला. "अंजीन शाबूत. खालचा स्टेरिंगचा जोड तुटला. जुनी चीर होती त्याले, आतून गंजलेली. चार-सहा महिन्यांची तरी असन. मी तीनदा गाडी उघडली... वरून पाह्यलं, खाली वाकून नाई पाह्यलं. तेलाचा दिवा म्हनून तेलच पाहात राह्यलो."

ऑईलच्या दिव्याला स्टिअरिंगशी काहीही देणंघेणं नसतं. वायर तिकडे जात नाही. मी पुस्तकातला नकाशा पुन्हा काढून पाहिला. जात नाही.

उठताना तो थांबला आणि दाराकडे न बघता म्हणाला, "बाई, एक इचारू? त्या दिव्याची काच आतून करपली हाय. तपकिरी. बल्ब लई वेळ जळला का होते तशी. तुमी पुन्हा बल्ब लावला होता काय?"

"नाही," मी आतून म्हटलं. "बल्ब माझ्याकडे आहे." आणि काडेपेटी त्याला दाखवली. त्याने हात लावला नाही.

शाळेने मला पुन्हा बोलावलं. घरात दुःख झालं म्हणून त्यांनी जागा अडवून ठेवली होती. तुमची आई झाल्यानंतर मी बुलडाण्याला रुजू झाले, आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. तुमची आई त्या पगारावर शिकली, तुम्ही दोघं तिच्यावर. हे मी तुमच्यावर टाकत नाही. पण कुणीतरी हिशेब मांडलाच, तर तो असा आहे.

जाऊबाई आमच्याजवळच राहिल्या, एकतीस वर्षं. आमचं कधी पटलं नाही. मी केलेल्या भाजीला त्यांनी नावं ठेवली, मी त्यांच्या उपासांना. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी होते. एका दुपारी त्यांनी डोळे उघडून, कालच्या गोष्टीसारखं विचारलं:

"तू त्या दिवशी काय पाह्यलं व? गाडी निंगाली तवा तुहं तोंड उघडलं होतं. मी पाहून राह्यली होती."

एकतीस वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं.

मी म्हटलं, "काही नाही, जाऊबाई."

"हाव," त्या म्हणाल्या. आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर माझ्या हातून पाणी घेतलं नाही.

त्या नारिंगी दिव्याचं स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या दोन सहकाऱ्यांना मी विचारलं — 'एका ओळखीच्या बाईंचा अनुभव' म्हणून. दोघांनी दोन सिद्धांत सांगितले, दोन्ही टिकले नाहीत. तो आम्हाला वाचवायला लागला होता असं कुणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. वाचवणारा दिवा असता तर तो ज्याच्या मनात काही नाही अशा माणसाला दिसला असता. तो मला दिसला, आणि मी त्याचं काय करते ते बघत राहिला.

मागच्या वर्षी तो बल्ब मी इथल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात नेला. दुकानदाराने बॅटरीला लावला. लागला. "चांगला हाय ना आजी," म्हणाला, "काऊन काहाडला?"

चिन्मय, ती चिकटपट्टी आज काढ. गॅरेजवाल्याला सांग, कोड जिथे बोट दाखवतो तिथे तर बघच, पण खाली वाकूनही बघ. बाराशे डॉलर मी पाठवते. काढल्याचा फोटो ग्रुपवर टाक. आणि अनुजा, हसणारे चेहरे नकोत.